इमानाला ब्रेक

ऑक्टोबर सरता सरता आमच्या स्वयंपाकघराचं दार पुन्हा नीट लागायला लागतं. पावसाळाभर ते फुगून चौकटीत अडकतं, लाथ मारल्याशिवाय मिटत नाही. मग एका सकाळी हलक्या हाताने लागतं आणि मला कळतं, हवा सुकली. त्याच आठवड्यात दुपारी खाडीवरचा वारा फिरतो आणि गॅलरीत वाळवणाचा वास येतो. बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेले लोक खिडक्या लावून घेतात. मी उघड्या ठेवते. बोंबलाचा वास कोणता, बारीक कोलंबीच्या जवळ्याचा कोणता, आणि माल पुरता वाळलाय की अजून ओलसर आहे, हे एवढ्या वर्षांत नाकाला कळायला लागलंय. जवळ्याचा वास आला की माझा नवरा सुधीर स्टूल घेऊन माळ्याखाली जाऊन उभा राहतो.

माळ्यावर त्याचं विमान असतं. रिमोटवर उडणारं, हातभर पंखांचं, त्याने स्वतः बनवलेलं. निवडणूक संपल्यावर रस्त्यावर पडलेले पोकळ प्लास्टिकचे बोर्ड कापून त्याने ते केलंय, त्यामुळे डाव्या पंखाखाली कुणा उमेदवाराचे जोडलेले हात अजून दिसतात. विमान डोक्यावरून गेलं की आकाशातून कुणीतरी नमस्कार करून जातं.

परवा त्याने ते उतरवलं. पंख पुसले, शेपटी हलवून पाहिली. मी त्याच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि चाकं फिरवली. पंखांत मला रस नाही, रंगात तर नाहीच. मी चाकं बघते. त्याला कारण तीन वर्षांपूर्वीचा एक मोसम आहे. सप्टेंबर संपताना सुरू झाला आणि डिसेंबरात मिटला. त्या दोन-अडीच महिन्यांत मी जेवढा संशय घेतला, तेवढा कारखान्यातही घेतलेला नाही.

आणि कारखान्यात तर तेच माझं काम आहे. वालीवला रबराचे लहान भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. बुश, वॉशर, सील. मशीनमधून गरम गरम पडतात, गंधकाचा वास असतो, सगळे एकसारखे काळे आणि निष्पाप दिसतात. त्यातला कोणता खोटा आहे हे शोधायचं. 'ठीक दिसतंय' हे वाक्य माझ्या टेबलापाशी चालत नाही. दिसतंय म्हणजे काय? मापात आहे का ते सांगा. मालाचा चेहरा चांगला असला की मी त्यावर दुप्पट शंका घेते. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या फाटकात ठेवून येता येत नाही. बिल्डिंगमधल्या बायका मुलीला स्थळ आलं की चौकशीला मला सोबत नेतात, आणि आपल्या घरच्या हळदीकुंकवाला मात्र जरा कचरत बोलावतात.

सुधीर ड्राफ्ट्समन. त्याच्या कंपनीने त्या वर्षी नकाशे काढणारा विभागच बंद केला. तो घरी बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. गॅलरीतल्या खुर्चीला त्याच्या अंगाचा आकार आला. सकाळी मी डबा घेऊन निघताना तो जिथे असे तिथेच संध्याकाळी असे, फक्त उन्हाची बाजू बदललेली. काय खाल्लंस विचारलं तर "खाल्लं" म्हणायचा. मग एकदा त्याने तो प्लास्टिकचा बोर्ड उचलून आणला, आणि मी घरात कचरा आणल्याबद्दल चार शब्द बोलायच्या ऐवजी कटर कुठे ठेवलाय ते सांगितलं. एवढं मला समजत होतं.

सुरुवातीला तो जवळच्या शाळेच्या मैदानात उडवायचा. गवतावर उतरायचं, चार हात घरंगळायचं, थांबायचं. सप्टेंबर संपताना त्या मैदानात नवरात्राचा मांडव पडला.

"दुसरी जागा मिळालीये," तो म्हणाला. "सिमेंटची. मस्त आहे."

'मस्त' हा शब्द ऐकून माझे कान उभे राहायला हवे होते. पण दिवाळीआधीच्या ऑर्डरी होत्या, मी जास्तीच्या पाळ्या करत होते. राहून गेलं.

वसईगावच्या बाजारात मी वीस वर्षं एकाच बाईकडून मासे घेते. फिलोमिनाबाय, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक आपोआप वळतं. आम्हा दोघांना ती ओळखते, कारण स्कूटरवर मागे बसून पिशवी सांभाळायचं काम सुधीरचं असतं. त्या शनिवारी मी एकटी गेले होते. तिने कोयत्यावरची मांदेली बाजूला सारली, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. फिलोमिनाबायने आवाज खाली आणलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"बाय, रागवू नको. पन तुज्या नवऱ्याचं इमान ठिकान्यावर नाय."

"काय?"

"गेल्या तीन आइतवारी आमच्या आंगनात आलं. माजी सून घाबरली. आमी तुजी लाज धरून गप बसलो. तू शानी बाई हायेस, घरातच मिटव."

मी मासे घेतले. कोणते घेतले ते आठवत नाही. स्कूटरपर्यंत चालत गेले आणि किल्ली लावून तशीच उभी राहिले. माझं माहेर चिंचपोकळीचं. आमच्याकडे इमान म्हणजे इमान. ते एकतर असतं, नाहीतर नसतं, आणि नवऱ्याचं ठिकाणावर नसेल तर त्याला एकच अर्थ आहे.

तो आठवडा मी त्याला काही विचारलं नाही. मालाला विचारून कुणी तपासत नाही. मी बघत राहिले. त्याची पँट गुडघ्यांवर पांढरी होती, धुतली तर पाण्याला खारट वास. रविवारी जायच्या आधी तो दाढी करायचा. आणि गुणगुणायचा. हा माणूस सहा महिन्यांत गुणगुणला नव्हता. हा पुरावा मी सगळ्यात गंभीर धरला.

रविवारी तो निघाला, आणि मी दहा मिनिटांनी स्कूटर काढून पाचूबंदरची वाट धरली. वसईच्या किल्ल्याच्या बाजूने पुढे गेलं की खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, जाणारा एक सिमेंटचा रस्ता आहे. कुणासाठी बांधायला घेतला देव जाणे, अर्ध्यातच संपतो. दोन्ही बाजूंना चिखल सुकून भेगाळलेला, त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. रस्ता संपतो तिथे कोळीवाड्याच्या वाळवणाची जागा. बांबूंच्या आडव्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले आणि खाली जमिनीवर जुनी जाळी अंथरून त्यावर जवळा पसरलेला, गुलाबीसर, लांबून शेवयांसारखा. फिलोमिनाबाय आणि तिची सून हाताने तो वरखाली करत होत्या. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला सुधीर, पिवळी टोपी, हातात रिमोट, तोंड उघडं.

मी दुसरी बाई शोधत होते. बाया दोन होत्या, आणि दोघी त्याच्याकडे पाहून ओरडत होत्या.

नमस्कार करणारा पंख माझ्या डोक्यावरून गेला. विमान वळलं, खाली आलं, चाकं सिमेंटला टेकली. आणि मग ते थांबेना. पाण्याचा थेंब तव्यावर पळतो तसं पळत राहिलं. पन्नास पावलं, साठ पावलं, रस्ता संपला तरी पळतंच, आणि सरळ जवळ्याच्या जाळीत शिरलं. नाकावरचा पंखा फिरत होता. जवळा हवेत उडाला, जाळीचा एक धागा पंख्यात गुंडाळला गेला आणि सुनेने हात मागे घेतला. अर्धा क्षण उशीर झाला असता तर बोटं होती तिथे.

"बगलास?" फिलोमिनाबाय माझ्याकडे वळून ओरडली. "हेच तुला सांगत होते! ह्येचं इमान थांबत नाय!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या बोलीत विमानाचा 'वि' पडतो. आठवडाभर मी एका प्लास्टिकच्या बोर्डावर संशय घेत होते. मला हसू आलं नाही. सुनेच्या बोटांकडे पाहून राग आला, आणि तो सुधीरवर काढणं सोयीचं होतं म्हणून त्याच्यावर काढला.

"गवतावर आपोआप थांबतं," तो धावत येऊन पुटपुटला. "इथे गुळगुळीत आहे. आणि पंखा पूर्ण बंद केला तर खाडीचा वारा त्याला आडवा लोटतो, म्हणून जरासा चालू—"

"त्याच्यात कॅमेरा हाय काय?" सुनेने मध्येच विचारलं. "आमची जागा मोजायला पाठवलंय काय कोन?"

"नाही हो, कॅमेरा नाही."

"मग खाली हात जोडलेले कोनाचे?"

सुधीर जाळीत अडकलेला पंखा सोडवायला वाकला.

फिलोमिनाबायने शेवटचं सांगितलं. चार रविवार देते. त्यात ते रस्त्याच्या आत थांबायला शिकलं तर ठीक. नाहीतर त्या बाया रस्त्यावरच या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी अंथरतील, आणि मग उडवा कुठे उडवायचं ते. बोलण्यासारखं काही नव्हतं. दुसरी जागा आसपास नव्हती, आणि गॅलरीतली खुर्ची अजून तशीच होती. मी ती बघूनच बाहेर पडले होते.

म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलावर ब्रेकचा कारखाना सुरू झाला.

ब्रेक ही गोष्ट मी तोवर गृहीत धरलेली होती. सायकलला असतो, स्कूटरला असतो, असायलाच हवा. विमान बनवणाऱ्याला मात्र तो शेवटी सुचतो. उडेल कसं याचा विचार करण्यात त्याची वर्षं जातात. थांबेल कसं हे तो गवतावर सोपवून देतो. माणसांतही हे मी पाहिलंय. घरी बसल्यावर सुधीरही असाच कुठेतरी घरंगळत होता, फक्त त्याचा आवाज होत नव्हता.

त्याची योजना साधी होती. उतरल्यावर रिमोटवरची काठी पार मागे ओढली की शेपटी खाली दाबली जाते. त्याच हालचालीच्या शेवटच्या टोकाला एक दोरा बांधायचा. तो दोरा तारेची खिट्टी ओढेल, आणि खिट्टीला लावलेला खोडरबराचा तुकडा चाकावर दाबला जाईल. नकाशा सुंदर काढला होता. पार्किंगमध्ये पहिल्यांदा ब्रेक लागला तेव्हा विमान जागच्या जागी नाकावर उभं राहिलं आणि पंख्याचे दोन तुकडे झाले.

"रबराच्या चाकाला रबर दाबलंस," मी म्हणाले, "चिकटणारच. मला विचारायचंस."

"तुला विचारलं की तू संशय घेतेस."

"मग काय घेऊ, हार घेऊ?"

दुसऱ्या वेळी त्याने जाड लोकरी कापड लावलं. कोरड्या पार्किंगमध्ये छान थांबलं. सकाळी खाजणात नेलं तर दवाने कापड ओलं झालं आणि विमान आपलं पुन्हा तव्यावरच्या थेंबासारखं. नशीब, त्या दिवशी मी आधीच पुढे उभी होते. पायाने अडवलं. दोन रविवार गेले.

त्यानंतरच्या शनिवारी मी बाजारात न जाता थेट पाचूबंदरला गेले. भरती होती. लिलावाचा गलका चालू होता. एक होडी धक्क्याला लागत होती. फिलोमिनाबायच्या दिराने होडीवरून फेकलेला दोर झेलला, खुंट्याला दोन वेढे दिले आणि दोराचं टोक एका हातात धरून तो शेजारच्याशी गप्पा मारू लागला. दुसऱ्या हाताने कान खाजवत होता. एवढी मालाने भरलेली होडी, पाण्याच्या ओढीत, त्या एका हातात सावकाश थांबली. दचकली नाही, आपटली नाही.

मी बघतच राहिले, तशी फिलोमिनाबायने कोपराने ढोसलं.

"काय बगते? आमच्या होरीला ब्रेक नस्तो गो. दोन येढे नि एक हात."

"जोर नाही लागत?"

"जोर करायचाच नाय. नुसतं धरायचं. जोर केलास की दोरी तुटली, नायतर खुंटा उपटला."

घरी येऊन मी सुधीरला सांगितलं, खिट्टी फेक, दोराच चाकाच्या तुंब्याला गुंडाळ. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला, आस ज्यातून जातो तो भाग. त्याने पतंगीचा नको, मासेमारीचा नायलॉनचा दोरा आणला आणि दोन्ही चाकांच्या तुंब्यांना दोन दोन वेढे दिले. एक टोक पक्कं बांधलेलं, दुसरं शेपटी हलवणाऱ्या दांडीला. पार्किंगमध्ये सोडलं. विमान थांबायचं, पण दर वेळी गर्रकन डावीकडे वळून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरखाली जायचं.

"वहिनी," सेक्रेटरी वरून म्हणाले, "धावपट्टीची परवानगी मीटिंगमध्ये घेतली होती का?"

"पुढच्या मीटिंगला विमानानेच येतो," मी म्हणाले.

सुधीरच्या मते जमिनीला उतार होता. मग वारा होता. मग डावं चाक वाकडं होतं. मी विमान टेबलावर उलटं ठेवलं, चष्मा लावला आणि दोन्ही चाकं हाताने पुढे फिरवली. डावं फिरवलं की दोरा आणखी आवळत होता. उजवं फिरवलं की सुटत होता.

"दोन्हीकडे तू एकाच दिशेने गुंडाळलायस. बाहेरून बघ. डावं आणि उजवं चाक उलटसुलट फिरतात."

 कारखान्यात ही चूक मी महिन्याला एकदा पकडते, डावा भाग उजव्याच्या खोक्यात. दोन्ही दिसायला सारखे, म्हणूनच फसवतात.

"मग दोन्ही आवळणाऱ्या बाजूने घेऊ," तो म्हणाला.

"नको. होडीला ते ठीक, ती जड आहे. तुझं हे वरणाच्या पातेल्याएवढं. एकदा आवळला की पुन्हा नाकावर उभं राहील. दोन्हीकडे सुटणाऱ्या बाजूने घे. मग तू जेवढं ओढशील तेवढंच थांबेल, त्याहून जास्त नाही."

त्याने मान हलवत दोरा सोडायला घेतला. सहा महिन्यांत त्याने माझ्याशी वाद घातला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढचा आठवडाभर मात्र आम्ही रोज भांडलो, दोऱ्याच्या जाडीवरून, गाठीवरून, ढिलाई किती ठेवायची यावरून. जेवण दोनदा गार झालं.

चौथ्या रविवारी मी विटकरीच्या तुकड्याने सिमेंटवर रेघ मारली, जाळ्यांच्या दहा पावलं अलीकडे. अट माझी होती. दहा वेळा उतरवायचं, दहाही वेळा रेघेच्या आत. एकदा थांबलं याला मी थांबलं म्हणत नाही.

फिलोमिनाबाय चर्चला निघाली होती. "मी मिसा करून येते. तवर चालू करा. सुनेला घरातच ठेवलंय."

मी रेघेवर उभी राहिले. पहिलं उतरणं रेघेच्या वीस पावलं आत थांबलं. दुसरंही. काठी मागे गेली की चाकं हळूहळू जड होत, कुणी कानात काही सांगितल्यासारखी. ना धक्का, ना वळण. पाचव्यानंतर सुधीर गुणगुणायला लागला. मी मोजत होते. सातपर्यंत सगळी पास. आठवं टेकलं, आणि मला चाकांच्या आवाजावरूनच कळलं. गाठ सुटली होती. विमान रेघ ओलांडून माझ्या अंगावर आलं. मी पाऊल आडवं केलं. पंखा चपलेच्या तळव्यावर आपटून थांबला. जाळ्यांना काही झालं नाही.

त्याने गाठ पुन्हा मारली, वर मेणबत्तीचा थेंब सोडला. नववं पास, दहावं पास. आणि वरच्या बाजूने चांगलं लुगडं नेसलेली, डोक्यात अबोलीचा गजरा माळलेली फिलोमिनाबाय येताना दिसली.

"तिने पाहिलेलं नाही," सुधीर हळूच म्हणाला. तो विनवत नव्हता. नुसतं सांगत होता. पण रिमोटवरची त्याची पकड मी पाहिली.

खोटं बोलायला माझी फारशी हरकत नसते. सासरच्या माणसांशी, सेक्रेटरींशी मी पुष्कळ बोलते. पण मापात नसलेल्या मालावर पास म्हणून सही करायला माझा हात उठत नाही. यात चांगुलपणा काही नाही, वीस-बावीस वर्षांची सवय आहे. आणि ती बोटं मी पाहिली होती.

"किती झाली?" फिलोमिनाबायने विचारलं.

"दहा. त्यातलं आठवं नापास," मी म्हणाले. "गाठ सुटली. रेघेच्या पुढे आलं. मी अडवलं नसतं तर जाळ्यात गेलं असतं."

सुधीरने विमान उचलून काखेत घेतलं. निघायची तयारीच केली त्याने.

फिलोमिनाबायने रेघेकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं.

"एक पडलं ना? मग बरं झालं."

"बरं कसं?"

"धाच्या धा बोलली असतीस तर मी आताच जाली पसरली असती. बाजारात जी बाई बोलते सगला माल ताजा, तिच्याकडनं आमी पन घेत नाय." मग सुधीरकडे वळून, "ओ इमानवाले, गाठ कोनी मारली?"

"मीच."

"शोभते. आइतवारी माज्या दिराकडे या. गाठ शिका अगोदर. नि ही उभी असंल तवाच उडवायचं. एकटं नाय."

अशी माझी रविवारची ड्युटी लागली. कोणी विचारलं नाही मला हवी का. पुढचे दोन-तीन रविवार सून आमच्याकडे तोंड करून जवळा परतत होती, विमान खाली आलं की हात थांबवायची. फिलोमिनाबायही तशीच. मी त्यांना दोष देत नव्हते. मीही तेच करत होते.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी, ऊन चढत असताना, विमान उतरायला वळलं. फिलोमिनाबाय जाळीवर बसली होती. तिला उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, म्हणून तिने बूड उचललं, वळली आणि रस्त्याकडे पाठ करून बसली. सुनेशी काहीतरी मोठ्याने बोलत, हात जवळ्यात.

मी कामाला लागल्यापासून पुष्कळ दाखले पाहिलेत, शिक्क्याचे, सहीचे. असा पाहिला नव्हता. सुधीरनेही पाहिला असावा, कारण विमान जरा तिरकं टेकलं.

ते पळत आलं. मी रेघेवरच होते. तिची पाठ आणि ते विमान यांच्या मधे मी एकटीच, तोंड विमानाकडे करून. चाकं जड व्हायला लागली होती. तरी मी पायातली चप्पल काढून हातात घेतली.